गल्फमधून सिमवाला टॅब आणण्याआधी आपल्या ओटीवर उभे राहा

मे महिन्यात मावशी दुकानात आली ती टॉवेलात गुंडाळलेला टॅब घेऊन. दोह्याहून तिच्या मुलाने पाठवलेला, नवाकोरा, सिमवाला आयपॅड. नातवाला अभ्यासाला आणि रोज रात्री बापाशी बोलायला. मावशीच्या दुसऱ्या हातात सेफ्टी पिन होती. "अरे, ह्यात सिम घालायचं कुठं? चार दिवस शोधतेय. ह्या भोकात पिन घालून बघितली, कप्पा काही बाहेर येत नाही."

ते भोक माइकचं होतं.

मी पिन काढून घेतली, टॅब उजेडात धरून बघितला. सुदैवाने आत काही फाटलं नव्हतं. पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोराने ओव्हरटाइम करून पैसे साठवले, दुकानदाराने "इंडियात चालेल" एवढं सांगितलं, आणि वस्तू घरी येऊन चार दिवस कपाटात पडून राहिली. गुहागर तालुक्यातल्या आमच्या बाजारपेठेत मी मोबाइल दुरुस्ती आणि रिचार्ज करतो. इथे दर दोन-चार घरांमागे एक माणूस दुबई, मस्कत, कुवेत नाहीतर कतारला आहे. ईद, गणपती, मे महिना झाला की असे टॅब माझ्या काउंटरवर येतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो.

"इंडियात चालेल का" हा प्रश्नच अपुरा आहे. टॅब भारतात चालणार नाही, असं फार क्वचित होतं. खरा प्रश्न असा, की तुमच्या वाडीत, तुमच्या घरात जो टॉवर पोचतो तो या टॅबला ऐकू येतो का? त्याचं उत्तर दुबईच्या दुकानात मिळत नाही. ते तुमच्या ओटीवर मिळतं.

रेडिओ आठवा. मिडियम वेव्हवरची रत्नागिरी आकाशवाणी खाडीपलीकडच्या, डोंगराआडच्या घरातही लागायची. आवाज जरा खरखरीत, पण लागायची. एफएम मात्र ऐकायला स्वच्छ, आणि गाडी घाटाच्या वळणाला गेली की तुटतं. मोबाइलच्या टॉवरचंही तसंच. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब असतात, अडथळ्याला वळसा घालतात, भिंतीतून आत शिरतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी आखूड असतात, भरपूर डेटा वाहून नेतात, पण टेकडी मध्ये आली की थांबतात. मेगाहर्ट्झ हे फ्रिक्वेन्सीचं माप. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर लांब. ८५० ची सुमारे ३५ सेंटीमीटर. २३०० ची फक्त १३, वीतभरही नाही. आणि ५जी ज्यावर मुख्यतः चालतं ती ३३०० मेगाहर्ट्झची लहर नऊ सेंटीमीटरची. आपली घरं डोंगराच्या कुशीत, भिंती जाड जांभ्या चिऱ्याच्या, वर पत्रा असेल तर आणखीनच पंचाईत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये धावणारा टॅब आमच्याकडे माजघरात मुका होतो तो यामुळे.

या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. टॅब बनवताना कंपनी ठरवते की यात कुठले बँड घालायचे. जो बँड घातलेला नाही, तो नंतर कुठल्याही सेटिंगने किंवा सॉफ्टवेअर टाकून आणता येत नाही. मला रोज कोणीतरी विचारतं, "फ्लॅश मारून होईल का?" नाही होणार.

आता भारतात ४जी साठी काय चालतं ते बघा. जिओचे बँड तीन: १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३, ८५० चा बँड ५ आणि २३०० चा बँड ४०. एअरटेल मुख्यतः बँड १, ३, ८ आणि ४० वापरते. व्हीआयचे १, ३, ८ आणि काही ठिकाणी ४० व ४१. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२५ ला, आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि २१०० चा बँड १ महत्त्वाचे. यातले कमी फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे आपल्या दऱ्याखोऱ्यांत खरे कामाचे, तीनच: ५, ८ आणि २८. कुठल्या टॉवरवर यातलं काय लावलंय हे गावागणिक बदलतं.

परदेशात यादी वेगळी असते. आखातात आणि युरोपात कमी फ्रिक्वेन्सीचं काम बरंचसं ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० करतो. भारतात तो बँडच वापरात नाही. बँड ३ मात्र तिथेही आहे आणि इथेही, त्यामुळे आखातातून आणलेला टॅब इथे अगदीच बंद पडत नाही. फसगत इथेच होते. बाजारपेठेत टॉवरखाली बँड ३ वर टॅब मस्त चालतो, घेणारा खूश होतो, आणि घरी गेल्यावर जिथे फक्त बँड ५ पोचतो तिथे रेंज गायब. मग माणूस सिमला दोष देतो, रिचार्ज बदलतो, शेवटी माझ्याकडे येतो.

अमेरिकेहून आलेल्या टॅबची गंमत याच्या बरोबर उलट. तिथल्या कंपन्यांचे बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ असे, यातला एकही इथे कामाचा नाही. जुळतो तो मुख्यतः बँड ५. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी असाच टॅब घेऊन आले. लेकीने तिथल्या मोबाइल कंपनीकडून स्वस्तात घेतलेला. जिओचं सिम घातलं, रेंज पूर्ण दाखवतोय, पण व्हिडिओ चालेना. दोन तास मी सेटिंग बघत होतो. मग मॉडेल नंबर शोधून बँडची यादी काढली तेव्हा उलगडा झाला. जिओच्या तीन बँडपैकी या टॅबला एकच ऐकू येत होता, ५. तो लांब पोचतो, पण अरुंद आहे आणि त्यावर आख्ख्या पंचक्रोशीची गर्दी. शेजारच्या फोनांना ३ आणि ४० वरून भरपूर नेट मिळत होतं, गुरुजींचा टॅब मात्र त्या एकाच पायवाटेवर. रेंजच्या काड्या पूर्ण आणि नेट रडत, हे दिसलं की मला आता आधी हाच संशय येतो.

७०० मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणून बीएसएनएल चालेल असंही धरू नका. अमेरिकेतले बँड १२ आणि १३ हेही ७०० चेच म्हणवले जातात, पण ते बँड २८ नव्हेत.

तर आधी आपल्या घरी काय पोचतं ते बघायचं. घरात ज्या कंपनीची रेंज चांगली, तिचं सिम असलेला फोन घ्या. आयफोन असेल तर डायल करायच्या जागी *३००१#१२३४५#* टाकून कॉल दाबा, चाचणीचा पडदा उघडतो आणि त्यात बँडचा नंबर सापडतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#००११# ने तेच दिसतं. बाकीच्या अँड्रॉइडवर टॉवरचा बँड दाखवणारी मोफत ॲप मिळतात. मग ओटीवर उभे राहा, नंबर बघा. माजघरात जा, पुन्हा बघा. जिथे पोरगं अभ्यासाला बसणार आहे तिथे दोन मिनिटं थांबा, कारण फोन बँड बदलायला वेळ घेतो. ओटीवर ४० किंवा ३ आणि आत गेल्यावर ५, असं बहुतेक जिओवाल्या घरांत मी पाहिलंय. तो आतला नंबर कागदावर लिहा आणि तिकडच्या माणसाला पाठवा: "टॅबच्या बँडमध्ये हा नंबर हवाच." पावसाळ्यातही एकदा बघून ठेवलं तर बरं. मेमध्ये मोकळी दिसणारी टेकडी जुलैत ओल्या झाडोऱ्याने भरते, आणि ओल्या पानांतून आखूड लहरी कमीच पार होतात.

दुकानात गेल्यावर टॅबच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाचा टॅब वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळा बनतो. खोक्यावर मागे बारीक अक्षरांत मॉडेल नंबर असतो. सॅमसंगमध्ये शेवटचं अक्षर यू असेल तर तो सहसा अमेरिकेसाठीचा. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की बँडची यादी निघते. अलीकडच्या आयपॅडमध्ये १, ३, ५, ८, २८, ४० असे आपल्याला लागणारे सगळे बँड असतात, त्यामुळे बँडपुरती तरी तिथे चिंता नाही. स्वस्त अँड्रॉइड टॅबमध्ये मात्र यादी बघितल्याशिवाय एक दिरहमही देऊ नये.

५जी बद्दल थोडक्यात. इथे १ ऑक्टोबर २०२२ ला ते सुरू झालं, मुख्य बँड एन ७८, आणि जिओकडे त्याशिवाय ७०० चा एन २८. टॅबच्या यादीत हे असतील तर उत्तम. पण खेड्यातल्या घरासाठी केवळ ५जी म्हणून जास्त पैसे घालू नका. बँड ५ किंवा ८ असलेला साधा ४जी टॅब तिथे जास्त उपयोगी.

लॉकचं एक बघून घ्यावं. अमेरिकेत हप्त्यावर किंवा मोबाइल कंपनीकडून घेतलेला टॅब त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. आयपॅडवर सेटिंग, जनरल, अबाउट असं गेलं की कॅरिअर लॉकसमोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं हवं. सॅमसंगच्या काही खोक्यांवर स्टिकर असतं की पहिल्यांदा याच भागातलं सिम चालेल. तसं असेल तर तिथलं सिम घालून, कंपनीने सांगितलंय तसं सुरू करूनच पाठवायला सांगा. इथे आल्यावर ते कुलूप उघडणं जिकिरीचं होतं.

आता मावशीच्या टॅबकडे येतो. मे २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरपासून ॲपलने सिमचा कप्पाच काढून टाकला. नंतरच्या छोट्या आणि साध्या आयपॅडलाही तो नाही. त्यात ई-सिम असतं, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड नाही. टॅबच्या आत आधीच बसवलेल्या चिपमध्ये कंपनी तुमचा नंबर नेटवरून उतरवते. भोक शोधून उपयोग नाही, आणि पिन घातली तर माइक जायचा.

ई-सिम वाईट नाही. हरवत नाही, गंजत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत हा फायदाच. पण तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. पहिलं, ते चालू करताना नेट लागतं. घरी वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावावा लागतो. दुसरं, टॅबचा ईआयडी, म्हणजे आतल्या ई-सिम चिपचा ओळख नंबर लागतो. तो ३२ आकडी नंबर सेटिंगमध्ये असतो आणि सहसा खोक्यावरही छापलेला असतो. खोकं फेकून देऊ नका. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात मी लोकांना रडताना पाहिलंय: आपला रोजचा नंबर टॅबच्या ई-सिमवर नेऊ नका. नंबर एका वेळी एकाच ठिकाणी राहतो. तो टॅबमध्ये गेला की फोनमधलं कार्ड बंद पडतं, आणि मग बँकेचा ओटीपी कुठे येणार? आयपॅडवर तर साधा एसएमएस येतच नाही. टॅबसाठी नवा नंबर घ्या. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात नऊ नंबरांपर्यंत परवानगी आहे, तेव्हा अडचण नाही.

याला लागूनच सांगतो. सिमवाला टॅब म्हणजे मोठा फोन, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं. आयपॅडवरून साधा कॉल लागत नाही, त्यातलं सिम फक्त नेटसाठी. सॅमसंगच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सिमवाल्या टॅबवरून कॉल लागतो, पण त्याच टॅबच्या परदेशी मॉडेलमध्ये ती सोय अनेकदा नसते. आणि यूपीआय? ते सुरू करताना ॲप त्याच उपकरणातल्या, बँकेला जोडलेल्या नंबरवरून एसएमएस पाठवून खात्री करतं. त्यामुळे टॅबवर यूपीआयची आशा धरू नका, ते फोनवरच ठेवा. आयपॅडसाठी व्हॉट्सॲप मे २०२५ मध्ये आलं, फोनमधल्या व्हॉट्सॲपला जोडून ते चांगलं चालतं. मात्र तुमचा माणूस दुबईत असेल तर तिथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तो बोटिम या कॉलिंग ॲपवरून बोलत असेल तर बोटिम या टॅबवर चालतं ना, ते पाठवण्याआधी तिथेच उघडून बघायला सांगा.

मुळात सिम हवंच का, हाही विचार करा. फोनचा हॉटस्पॉट लावून वायफायवाला टॅब चालतो आणि तो बराच स्वस्त पडतो. पण हॉटस्पॉटचा फोन ज्याच्या खिशात, तो सकाळी कामाला जातो. मावशीच्या घरी दिवसभर म्हातारी आणि नातू दोघंच, मग नेट कुठून येणार? अशा घरी सिमवालाच हवा. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा कोकणातली पोरं नेटसाठी टेकडीवर जाऊन बसली, ते आपण विसरलेलो नाही.

दुसरं कारण जीपीएस. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते, सिमवाल्यात असते. हर्णै, दाभोळ, मिरकरवाड्यातले कितीतरी नौकावाले टॅबवर नकाशा लावतात. जीपीएसला टॉवर लागत नाही, उपग्रहांचे संकेत थेट मिळतात. किनारा मागे पडून रेंज गेली तरी आपली जागा दिसत राहते, फक्त नकाशा आधी बंदरावरच उतरवून घेतलेला हवा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा मासळीच्या संभाव्य जागांचा अंदाजही निघण्यापूर्वीच बघून ठेवायचा. पण टॅबमधलं जीपीएस वेगळं आणि आखातात सहज मिळणारे थुरायासारखे सॅटेलाइट फोन वेगळे. सरकारची परवानगी नसताना ते भारतात आणणं गुन्हा आहे, विमानतळावर अटक होते. समुद्रात उपयोगी पडेल म्हणून प्रेमाने कोणी पाठवत असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा.

पैशांचं गणित. भारतात टॅबवर १८ टक्के जीएसटी, दुबईत व्हॅट ५ टक्के, त्यामुळे तिकडे स्वस्त दिसतो. पण वॉरंटी बऱ्याचदा खरेदीच्या देशापुरतीच असते. पडदा फुटला तर चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरवाला त्या मॉडेलला हात लावेलच असं नाही, आणि परदेशी मॉडेलचे सुटे भाग आम्हालाही मिळत नाहीत. माझा हिशेब साधा आहे: फरक दोन-तीन हजारांचा असेल तर इथेच घ्या.

विमानतळावरची कस्टम ड्युटीची सवलत फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या बॅगेज नियमांत ७५,००० रुपये झाली, त्याआधी २०१६ च्या नियमांत ती ५०,००० होती. ही मर्यादा एकट्या टॅबची नाही; परफ्युम, घड्याळ, चॉकलेटं धरून सगळ्या नव्या सामानाची आहे, आणि दोघांची मिळून एकत्र करता येत नाही. वरच्या किमतीवर ड्युटी भरावी लागते. खोका फोडून "वापरलेला आहे" म्हणून सांगा असा सल्ला लोक देतात. मी तो देत नाही. बिल जवळ असू द्या. टॅब हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख नंबर, बंद करायला पोलिसांतल्या तक्रारीसोबत तेच बिल कामी येतं. तिकडे जुना टॅब घेत असाल तर पैसे देण्याआधी त्याचा १५ आकडी आयएमईआय इकडे पाठवायला सांगा. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएसने पाठवला की तो बंद केलेला नाही ना, ते उत्तरात कळतं. चार्जरची पिन आखातात चौकोनी तीन दांड्यांची असते, ती आपल्या बोर्डात बसत नाही. चार्जर मात्र आपल्या विजेवर चालतो, एक साधा अडॅप्टर पुरतो.

मावशीच्या नावावर नवा ई-सिम नंबर घेतला. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून तो टॅबमध्ये उतरवला. संध्याकाळी तिच्याबरोबर वाडीत गेलो, कारण तिचं घर दाभोळच्या खाडीकडे उतरत्या बाजूला आहे आणि मला खात्री करायची होती. ओटीवर नेट आलं. माजघरात आलं. मागच्या पडवीत गेलं. नातवाचं अभ्यासाचं टेबल पडवीत होतं, ते आम्ही दोघांनी उचलून माजघराच्या खिडकीशी लावलं. मग तिने दोह्याला व्हिडिओ कॉल लावला, आणि पहिलं वाक्य विचारलं ते त्या माइकसाठीच: "आवाज येतोय ना रे माझा?"

येत होता.